अकरावीचे विषय खिडकीवर ठरू नयेत

दहावीचा निकाल लागला की एडवण, कोरे, मथाणे, उसरणी, दातिवरे या आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत एकच विचारणा सुरू होते: ‘सायन्स, कॉमर्स की आर्ट्‌स?’ घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. शाखा ठरली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. खरा निर्णय मात्र त्यानंतर व्हायचा असतो. सायन्सच्या मुलाने मॅथ्स ठेवलं की बायो, कॉमर्सच्या मुलीने मॅथ्स घेतलं की एस.पी., म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, यावर त्यांना दोन वर्षांनी कोणत्या पदवीचा अर्ज भरता येईल हे ठरतं. आणि हा निर्णय आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेशखिडकीवर, मागे रांग उभी असताना, मिनिटभरात उरकला जातो.

याविषयी मला तळमळीने एकच सांगायचं आहे. एखादा विषय सोडला तर कोणकोणत्या अभ्यासक्रमांना मुकावं लागेल, हे सही करण्याआधी प्रत्येक मुलाला आणि पालकाला लेखी कळलं पाहिजे. ते कळवण्याची जबाबदारी शाळेची आणि कनिष्ठ महाविद्यालयाची आहे.

मी एडवणचीच. तारापूर एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रग कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये नोकरी करते. सकाळची एसटी पकडून सफाळे, तिथून लोकलने बोईसर. २०१३ साली उपनगरी लोकल विरारवरून पुढे डहाणूपर्यंत आली, तेव्हापासून आमच्या मुलांना पालघरबरोबर वसई-विरारची कॉलेजंही जवळची वाटू लागली. लॅबमध्ये काम करते, म्हणजे हिला शिक्षणातलं कळत असणार, अशा समजुतीने जून-जुलैत गावातले आईबाप मुलांना घेऊन आमच्या ओटीवर येतात. दोन वर्षांनी त्यातलीच काही मुलं पुन्हा येतात. हातात मोबाइल, मोबाइलवर एखादी जाहिरात किंवा सीईटीची माहितीपुस्तिका. ‘आत्या, हे मला भरता येईल का?’ मी पात्रतेचा परिच्छेद वाचते आणि कितीतरी वेळा ‘नाही’ म्हणावं लागतं. मूल हुशार असतं, गुणही असतात, पण जो विषय मागितलेला असतो तो गुणपत्रिकेवर नसतो. तो का सोडला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘खिडकीवर विचारलं, मॅथ्स की बायो? मैत्रिणीने बायो सांगितलं, मीही सांगितलं.’

निर्णय असे का होतात, हे मला जवळून दिसतं. आमच्याकडे पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, घरात रोजची आवक बंद, आणि नेमका तोच अकरावीच्या प्रवेशाचा आणि फीचा हंगाम. अशा वेळी जे कॉलेज एसटीच्या वेळेत बसतं आणि जिथली फी झेपते, ते घेतलं जातं. तिथे जी विषयांची जोडी चालते, ती मुलाची होऊन जाते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. आता एडवणच्या मुलानेही दहा पसंतीक्रम भरायचे. चांगलंच झालं. पण त्या अर्जात शाखा आणि कॉलेज येतं, शाखेतले विषय बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष प्रवेश घेताना कॉलेजात ठरतात. म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत घाईत.

त्यात टक्केवारी फसवते. दहावीला २०१० पासून सहापैकी उत्तम पाच विषयांच्या गुणांवर टक्केवारी निघते. मुलाला ८२ टक्के दिसतात, पेढे वाटले जातात, आणि गणितातले ४६ गुण त्या ८२ टक्क्यांत कुठेच दिसत नाहीत, कारण तोच विषय गळालेला असतो. उलटही होतं. गणितात ७० असलेली मुलगी ‘मला गणित जमत नाही’ म्हणून सांगते, कारण वर्गातल्या दोघांना ९५ आहेत. दोन्ही घरांत कोणी गुणपत्रिका विषयवार समोर ठेवून बसलेलं नसतं.

गेल्या जूनमधली एक संध्याकाळ सांगते. आमच्या आळीतल्या एका नाखव्याच्या घरी गेले होते. दादा ओटीवर जाळी सांधत बसले होते, वहिनी आत सुकट निवडत होत्या. त्यांचा मुलगा आणि मुलगी दोघंही एकाच वेळी दहावी झालेली, मुलगा एक वर्ष मागे राहिला होता. दादांनी सरळ विचारलं, “ताई, दोघांना सायन्स मिळतंय. सायन्स म्हणजे सायन्सच ना? एकच पुस्तकं घेऊ, दोघं मिळून वापरतील.”

मी मुलीला विचारलं, पुढे काय करायचं मनात आहे? ती म्हणाली, “मासळीचंच काहीतरी. पण बाजारात बसायचं नाही. शिकून करायचं.” मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, “मोठ्या जहाजावर जायचंय.”

एका ओटीवर दोन मुलं, दोघांच्याही मनात समुद्रच, आणि दोघांना लागणारे विषय वेगळे. मासळीचं शिक्षण म्हणजे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी, बी.एफ.एस्सी. तिचं कोकणातलं महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, १९८१ पासून आहे, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं. विदर्भ-मराठवाड्यात नागपूर आणि उदगीरलाही अशी महाविद्यालयं आहेत. तिथे जायला भौतिक, रसायनाबरोबर जीवशास्त्र हवं. बायो सोडलेल्या मुलाला, मग तो जन्मापासून पापलेट-घोळ ओळखत का असेना, त्या रांगेत जागा नाही.

मुलाचं उलट. व्यापारी जहाजावर अधिकारी व्हायचं तर नॉटिकल सायन्स किंवा मरीन इंजिनीअरिंग. त्यासाठी इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा असते, आणि बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून ६० टक्के लागतात, शिवाय दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के. बायो घेऊन कितीही गुण मिळवले तरी उपयोग नाही. तटरक्षक दलात नाविक म्हणून जनरल ड्यूटीला जायचं तरी बारावीला गणित आणि भौतिक मागतात. एनडीएच्या नौदल आणि हवाई दलाच्या शाखांना गणित, भौतिक आणि रसायन. भूदलाच्या शाखेला मात्र कुठल्याही शाखेची बारावी चालते.

हे सगळं मी कागदावर दोन रकान्यांत लिहून दिलं. दादांनी तो कागद दुमडून देव्हाऱ्यातल्या फोटोमागे ठेवला आणि दोघांना म्हणाले, “तू गणित सोडायचं नाहीस, आणि तू बायो.” दहा मिनिटांचं काम होतं. हे दहा मिनिटांचं काम नववीच्या वर्गात का होत नाही, हा माझा प्रश्न आहे. मुलगी तर खिडकीवर बायोच सांगणार होती, पण ‘बायो पाठ करता येतं’ म्हणून. योग्य निर्णय चुकीच्या कारणाने होणं यालाही मी नशीबच म्हणते. असं नशीब प्रत्येक घराला लाभत नाही.

आता आमच्या एमआयडीसीकडे पाहू. बोईसरच्या स्टेशनवरून सकाळी जी माणसं रिक्षा आणि बसने कारखान्यांकडे जातात, त्यांत पालघर तालुक्यातली बी.एस्सी. झालेली मुलं भरपूर असतात. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लॅबमध्ये येणाऱ्या मुलाला वाटतं, आता गणिताशी संबंध संपला. माझ्या बाकावर रोज काय चालतं ते सांगते. एचपीएलसी या यंत्रावर एखाद्या मालाची शुद्धता काढायची, तर आधी माहीत असलेल्या तीव्रतेची चार-पाच द्रावणं चालवून आलेख काढायचा, त्या रेषेचा उतार पाहायचा, रेषा किती सरळ बसली ते पाहायचं, मग नमुन्याचं उत्तर काढायचं. सहा वाचनं घेतली तर त्यांचं प्रमाण विचलन काढायचं. संगणक उत्तर देतो, पण उत्तर चुकलं की का चुकलं हे संगणक सांगत नाही. ते माणसाला कळावं लागतं. मी सायन्सला गणित आणि बायो दोन्ही ठेवलं होतं, आमच्या सरांच्या आग्रहामुळे. त्या आग्रहाचा उपयोग मला रोज होतो.

मुलांनी मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवावं का, असं पालक विचारतात. ज्या मुलाला पेलतं, त्याने जरूर ठेवावं. इंजिनीअरिंगला राज्यात भौतिक आणि गणित अनिवार्य, तिसरा विषय रसायन किंवा नियमात दिलेला दुसरा, आणि त्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ द्यायची तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. बी.फार्म.ला भौतिक-रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी काहीही चालतं, म्हणून औषध कारखान्यांकडे जाणारी ही वाट दोन्ही गटांना मोकळी आहे. बी.एस्सी. कृषीलाही दोन्ही गटांतून जाता येतं, आणि केळवे-माहीमच्या पानवेली किंवा घोलवडच्या चिकूच्या वाडीवर वाढलेल्या मुलांनी तिच्याकडे दुसरा पर्याय म्हणून नव्हे, पहिला पर्याय म्हणून बघावं. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र लागतं, जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला इतर शाखाही चालतात. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या बी.एस्सी. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सला बारावीचं गणित मागितलं जात आलं आहे. हा शेवटचा नियम फार मुलांना नडतो. नीट हुकली की बायोची मुलं आयटीकडे वळू बघतात आणि तिथे अडतात.

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी आहे. त्याचे दिवे पाहत आमच्या पिढ्या वाढल्या. अणुऊर्जा महामंडळाच्या ऑपरेटर प्रशिक्षणार्थींच्या जाहिरातींत बारावी सायन्स, विज्ञान आणि गणित विषयांसह, ५० टक्के गुण मागतात. म्हणजे पदवी नसतानाही बारावीवर तिथे जाता येतं, पण गणित सोडलेलं असेल तर नाही. ज्या तालुक्यात हे केंद्र उभं आहे, त्या तालुक्यातल्या दहावीच्या मुलाला ही एक ओळ ठाऊक नसावी, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यांनी सायन्सच घ्यावं, असं मी म्हणत नाही. सायन्सहून आर्ट्‌स-कॉमर्सच्या पदवीला जाता येतं आणि तिकडून सायन्सच्या पदवीला सहसा येता येत नाही, हे खरं आहे. म्हणून ‘सायन्स घेऊन ठेव, पुढचं पुढे बघू’ असा सल्ला घरोघरी दिला जातो. पण सायन्समध्ये मन नसलेलं, इंग्रजी माध्यमाने गांगरलेलं मूल बारावीला कसंबसं काठावर पास झालं, तर मोकळ्या ठेवलेल्या सगळ्या वाटा त्याच्यासाठी बंदच असतात. पात्रतेच्या टक्क्यांनाच ते अडतं. मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलांचं अकरावी सायन्सचं पहिलं सत्र इंग्रजी शब्दांशी झुंजण्यात जातं. अशा मुलाला सायन्सला पाठवायचं तर मे महिन्यातच भौतिक-रसायनाचे इंग्रजी पारिभाषिक शब्द गिरवून घ्यायला हवेत. एवढं केलं तर पुष्कळ मुलं तरतात.

कॉमर्सला मॅथ्स की एस.पी., हा प्रश्न किरकोळ समजला जातो. सेक्रेटरियल प्रॅक्टिस वाचून लिहिण्याचा विषय, गुण बरे पडतात, म्हणून तो घेतला जातो. सी.ए. व्हायला एस.पी.ने अडत नाही, फाउंडेशनला कुठल्याही शाखेची बारावी चालते. मात्र त्याच फाउंडेशनला व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर असतो, आणि अकरावी-बारावीत गणिताला हात न लावलेल्या मुलाला तो जड जातो. अर्थशास्त्रात पुढे जायचं म्हटलं तर दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी ऑनर्सला गणितच मागतात. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.लाही बारावीचं गणित आणि इंग्रजी अनिवार्य आहे. कॉमर्सच्या हुशार मुलीला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आर्ट्‌सला तर विषयांची निवड हा प्रश्नच मानला जात नाही. कॉलेजात जे विषय शिकवले जातात तेच घ्यायचे. वास्तविक इथेही पुढची साखळी आहे. भूगोल, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांपैकी काय घेतलं, यावर पदवीचा विषय ठरतो. पदवीच्या विषयावर बी.एड.ची अध्यापन पद्धती ठरते. आणि शाळेत शिक्षकाची जागा निघते ती विषयाची निघते. पालघरच्या ज्या महाविद्यालयात आमच्या तालुक्याच्या पिढ्या शिकल्या, ते सोनोपंत दांडेकरांच्या नावाचं आहे. दांडेकर १८९६ साली आमच्याच केळवे-माहीमला जन्मले, तत्त्वज्ञान शिकले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, पुण्यात प्राचार्य झाले, वारकरी परंपरेचे मोठे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राने त्यांना मान दिला. शेजारच्या गावचा मुलगा तत्त्वज्ञान घेऊन एवढा मोठा होतो, तर आर्ट्‌सला जाणाऱ्या मुलाकडे ‘काहीच मिळालं नाही म्हणून’ अशा नजरेने पाहण्याचं आपल्याला कारण नाही. त्यालाही विषय निवडू द्यावेत आणि निवडीचं कारण विचारावं.

पदवीशिवायच्या वाटाही याच हिशेबात धराव्यात. आयटीआयत ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. एओसीपी म्हणतात त्याला. रिॲक्टर, पंप, वाल्व्ह, दाब, तापमान यांवर हात बसलेला असा मुलगा रासायनिक कारखान्यांना हवाच असतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला जाता येतं. आयटीआय झालेल्याला भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. मात्र यांतल्या बऱ्याच वाटांना दहावीचं गणित-विज्ञान हा पाया आहे, आणि गळती तिथूनच सुरू होते.

२०२४ मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने एका प्रस्तावाची मोठी चर्चा झाली. दहावीला गणित-विज्ञानात किमान २० गुण मिळाले तरी मुलाला पुढे जाऊ द्यायचं, पण या विषयांवर आधारलेलं पुढचं शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारायचा. पुष्कळांनी टीका केली, आणि पंधराव्या वर्षी मुलाच्या माथी शेरा मारू नये, हे मलाही पटतं. पण त्या चर्चेत एक गोष्ट सुटली. वाट बंद होणं आजही होतंच आहे, फक्त ते कुठे छापलेलं नसतं. गणित सोडलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर कसलाही शेरा नसतो, आणि तरी इंजिनीअरिंग, जहाज, आयटी, अणुऊर्जा केंद्र त्याच्यासाठी संपलेलं असतं. शेऱ्याला विरोध करणाऱ्यांनी या न छापलेल्या शेऱ्यालाही विरोध करायला हवा.

यावर कोणी म्हणेल, आता नवं शैक्षणिक धोरण आलं, शाखांच्या भिंती पडल्या, कसली काळजी करता? २०२० च्या धोरणाने कला, विज्ञान, व्यवसायशिक्षण यांच्यात कडक भेद नसावेत असं म्हटलं, ते चांगलं म्हटलं. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटीत २०२५ पासून बारावीला नसलेल्या विषयाचीही परीक्षा देता येते. नीटच्या बाबतीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून दिलेलंही चालेल असं जाहीर केलं. सवलती वाढत आहेत. पण प्रत्येक अभ्यासक्रमाची पात्रता अजून ज्या त्या परिषदेने आणि विद्यापीठाने ठरवलेलीच आहे, आणि धोरण कितीही मोकळं असलं तरी आमच्या भागातल्या कॉलेजात आर्ट्‌सला गणित घ्यायची सोय सहसा मिळत नाही.

बातमीच्या मथळ्यावर विसंबणं किती महाग पडतं, याचं उदाहरण २०२१ चं आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी १४ विषयांची यादी देऊन त्यातले कोणतेही तीन चालतील अशी मुभा दाखवली. ‘इंजिनीअरिंगला आता गणित लागणार नाही’ असा निरोप मोबाइलवरून गावोगाव पोचला. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत भौतिक आणि गणित होतंच, ते राहिलं. तो निरोप वाचून कोणी गणित सोडलं असेल, तर त्याला तो पाठवणारा भेटायलाही येणार नाही.

वेळ निघून गेलेल्यांसाठीही थोडं सांगायला हवं. बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय बोर्डाकडे ‘आयसोलेटेड’, म्हणजे सुटा विषय म्हणून देता येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही, म्हणजे एनआयओएसमधून, विषय पूर्ण करता येतो. वर्ष जातं, धावपळ होते, पण वाट असते. ती वापरण्याआधी ज्या अभ्यासक्रमाला जायचं आहे तिथे ती मान्य आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

आता आमच्या जिल्ह्यात वाढवण बंदराचं काम येऊ घातलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याचा पायाभरणी समारंभ झाला. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे. बंदराला आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि त्या विरोधामागे समुद्र आणि पोट या दोन्हींची भीती आहे. ती भीती खरी आहे. पण बंदर आलं काय आणि लांबलं काय, इथल्या मुलांपुढे पंचवीस वर्षांची नोकरीची उमेद आहे. ‘भूमिपुत्रांना रोजगार’ हे भाषणातलं वाक्य ऐकून कोणी कामावर घेत नाही. जाहिरातीत पात्रता छापलेली असते आणि पात्रतेत विषय छापलेले असतात. परप्रांतातून आलेल्या उमेदवाराकडे ते विषय असतात आणि आमच्याकडे नसतात, तेव्हा आपण नुसते हळहळतो. ती हळहळ टाळता येते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पहिली शाळांकडे. नववीच्या दुसऱ्या सत्रात एक पालकसभा फक्त या विषयावर घ्यावी, संध्याकाळी, मासळीबाजार आणि वाडीची कामं उरकल्यावर, म्हणजे आया येऊ शकतील. तिथे प्रत्येक मुलाने मनातली दोन-तीन कामं सांगावीत आणि त्यांना लागणारे विषय फळ्यावर लिहावेत. दुसरी कनिष्ठ महाविद्यालयांकडे. प्रवेशाच्या खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत, मराठीत, एक तक्ता लावावा: ही जोडी घेतलीत तर हे अभ्यासक्रम खुले, हे बंद. तीच छापील प्रत अर्जासोबत द्यावी आणि पालकाची सही त्या तक्त्यावर घ्यावी. शिक्षण विभागाने हा तक्ता दरवर्षी एप्रिलमध्ये, त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे, स्वतः तयार करून पाठवावा. खर्च कागदाचा आहे. तिसरी मागणी, विषय बदलायला अकरावीच्या सुरुवातीला ठरावीक मुदत द्यावी आणि ती तारीख वर्गात वाचून दाखवावी.

पालकांना माझं सांगणं एवढंच. मुलाला कोण व्हायचंय हे पंधराव्या वर्षी पक्कं सांगता आलं नाही तरी रागावू नका. दोन शक्यता विचारा. दोन्हींची पात्रता वाचा, आणि दोन्हींना लागणारा एखादा विषय असेल तर तो कितीही अवघड वाटला तरी ठेवा. शिकवणीचे पैसे खर्चायचेच असतील, तर त्याच विषयावर खर्चा. मॅथ्स की बायो, हा प्रश्न खिडकीवरच्या कारकुनाने विचारण्याआधी घरात विचारला गेलेला असू द्या. यंदाच्या नववीतल्या मुलांपासून सुरुवात करा. त्यांच्याकडे अजून वेळ आहे.